आपल्याच नावाची चिठ्ठी

नाशिक रोड,
आगमनकाळाचा तिसरा आठवडा, मंगळवार

तीर्थरूप सौ. आक्का हिस,

धाकटा भाऊ व्हिन्सेंट याचा जय ख्रिस्त आणि वाकून नमस्कार. (वाकणं पत्रापुरतंच समज. प्रत्यक्षात वाकलो तर सरळ व्हायला भिंत धरावी लागते.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला, की अजून सगळी आळी जागवतात? फोनवरच विचारलं असतं, पण फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि मला तुझं संपत नाही. शिवाय तुझा नातू मधेच फोन हातात घेऊन 'मामाआजोबा, थोडक्यात सांगा' म्हणतो. मला थोडक्यात सांगता येत नाही, हे तू माझ्या जन्मापासून ऐकत आली आहेस. म्हणून हे पत्र. उद्या आमच्या फादरांची गाडी संगमनेरला जाणार आहे, ड्रायव्हरच्या हाती देतो. त्याला चहा पाज, जेवायला बसवू नकोस, तो उठत नाही.

मुद्दा आधी सांगून टाकतो. यंदा नाताळला तू येऊ नकोस. दरवर्षी येतेस, सबिना आणि तू मिळून करंज्या करता, करता करता मला नावं ठेवता, तिथपर्यंत सगळं ठीक होतं. यंदा सबिना नाही. करंज्या मी केल्या तर त्या खायच्या की दाराला अडसर लावायच्या असा प्रश्न पडेल. हर्षालीला मस्कतच्या हॉस्पिटलातून सुटी नाही, लेक व्हिडिओवर मला मेणबत्ती दाखवणार आहे. इकडे निफाडची थंडी थेट आमच्या गल्लीत उतरली आहे, कुंभमेळ्याच्या नावाने रस्ते उकरून ठेवले आहेत, आणि त्यात भर म्हणून आमच्या पॅरिशमध्ये नाताळची आध्यात्मिक तयारी चालू आहे. या तिन्हींत सर्वांत जास्त हाल कशाने होतात ते पुढे वाचून तूच ठरव.

आपल्या लहानपणी आगमनकाळ, नाताळआधीचे हे चार आठवडे, म्हणजे काय होतं, आठवतं? बाबा तंबाखू सोडायचे, आई बाबांशी बोलणं सोडायची (कारण तंबाखू सोडलेले बाबा कुणालाच सोसत नसत), आणि आपण पोरं रिकाम्या गव्हाणीत दर चांगल्या कामामागे गवताची एक काडी टाकायचो, बाळ येशूला मऊ अंथरूण व्हावं म्हणून. माझ्या काड्या उचलून तू आपल्या नावावर टाकायचीस, तेही मी विसरलेलो नाही. पण एवढ्या सगळ्या तयारीला समिती नव्हती. आता आहे. आमचे नवे फादर क्लेमेंट, वयाने लहान, अंगाने काडी आणि उत्साहाने नको इतके भरलेले, त्यांनी आल्या आल्या 'आध्यात्मिक तयारी समिती' नेमली. समितीने पहिली आध्यात्मिक तयारी काय केली, तर स्वतःसाठी जांभळे टी-शर्ट छापून घेतले. छातीवर 'जागे राहा' हे प्रभूचं वचन, आणि पाठीवर ज्या दुकानदाराने टी-शर्ट दिले त्याची जाहिरात. दुकान गाद्या-उशांचं आहे. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेला माझ्या पुढच्या बाकावर समिती बसते, त्यामुळे मी सगळा आगमनकाळ गाद्या-उशा वाचत काढतो आहे.

पुढे आगमनकाळाचं चक्र आलं. तेच, हिरव्या पानांची गोल चुंबळ आणि वर चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी, दर रविवारी एक वाढती पेटवायची. आमच्याकडची पानं प्लास्टिकची होती ते मी गिळलं. पण चार मेणबत्त्या चार उंचीच्या. मी अंबडच्या कारखान्यात उभी हयात तपासणी खात्यात काढली, मला माप घ्यायला पट्टी लागत नाही. सगळे डोळे मिटून प्रार्थना करत होते तेव्हा माझी नजर त्या गुलाबी मेणबत्तीवरून हलेना. प्रभू यायचा तो येईलच, पण त्याच्या वाटेवर चार मेणबत्त्या एका मापाच्या लावता येऊ नयेत? मिस्सेनंतर मी समितीला हे शांतपणे सांगितलं. (शांतपणे म्हणजे फादरांना वेदीवरून ऐकू गेलं एवढंच.) त्यावर समितीच्या लताबाई म्हणाल्या, "त्रिभुवनसाहेब, पेटल्या की सगळ्या लहानच होतात." लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

लताबाई तुला ठाऊक आहेत. आमच्या शेजारच्या भालेरावबाई, मध्ये कंपाउंडची कमरेइतकी भिंत, गायकवृंदाच्या प्रमुख. त्या वरच्या पट्टीत गेल्या की आमच्या गल्लीतली कुत्री उठून उभी राहतात. सबिनाशी त्यांची फार गट्टी होती, दिवसभर भिंतीवरून वाट्या इकडून तिकडे जायच्या, वाटीत कालवण कमी आणि गल्लीच्या बातम्या जास्त. मी त्यात कधी पडलो नाही. सबिना ईस्टरआधीच्या उपवासकाळात गेली, त्यानंतर लताबाई एकदा खीर घेऊन आल्या होत्या. मला साखर चालत नाही असं सांगून मी दार लावून घेतलं. साखर मला उत्तम चालते. पण बाईंचे डोळे भरून आले होते आणि तेव्हा मला दुसऱ्या कुणाचे डोळे भरलेले बघवत नव्हते. तेव्हापासून वाट्या बंद आणि बोलणं कामापुरतं.

मधल्या आठवड्यात मुंबईहून एक प्रवचनकार आले, त्यांनी 'मौनाचं महत्त्व' या विषयावर दुपारच्या जेवणापर्यंत भाषण केलं आणि जेवणानंतर उरलेलं केलं. ते सोडून देतो. खरं संकट त्याच्या आधीचं, पहिल्याच रविवारचं.

समितीने 'गुप्त देवदूत' नावाची टूम काढली. आमच्या विभागातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाची एक चिठ्ठी करायची, सगळ्या चिठ्ठ्या पातेल्यात घालायच्या, आणि प्रत्येकाने एक उचलायची. ज्याचं नाव निघेल त्याचे आपण नाताळपर्यंत देवदूत. त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची, आणि त्याला कळू न देता त्याची लहानसहान कामं करायची, त्याच्या दारात खाऊ ठेवायचा, असं. चौथ्या रविवारी मिस्सेनंतर हॉलमध्ये उलगडा. एकेकाचं नाव पुकारतील, तो उभा राहील, मग त्याचा देवदूत सगळ्यांदेखत उठून त्याच्याजवळ जाईल आणि त्याच्या हातात पेटती मेणबत्ती देईल. मोठाली घोडी झालेली माणसं, नातवंडांच्या मुंजीच्या वयाची (आपल्यात मुंजी नसतात, पण वय सांगतो आहे), आणि पोरखेळ असा. मी जाणारच नव्हतो. गेलो ते पातेलं किती मोठं आणतात ते बघायला. पातेलं सणाच्या पुलावाचं होतं, आतल्या चिठ्ठ्यांना अजून खड्या मसाल्याचा वास येत होता.

लताबाईंनी चिठ्ठी काढली, उघडली, तोंड कसनुसं केलं आणि ती परत पातेल्यात टाकायला हात पुढे केला. ते पाहून मी उठलो. आक्का, तू असतीस तर माझा शर्ट मागून ओढून मला खाली बसवलं असतंस. सबिना तेच करायची. यंदा ओढायला कुणी नव्हतं. मी म्हणालो, हे बरोबर नाही. एकदा हात बाहेर आला की चिठ्ठी परत जाणार नाही, कुणाशी बदलणार नाही, कुणाला दाखवणार नाही, मग नाव कुणाचंही निघो. देवाने दिलेला माणूस रिजेक्ट करायचा अधिकार आपल्याला नाही. हे शेवटचं वाक्य मला फार चांगलं साधलं. टाळ्या पडल्या, फादर 'आमेन' म्हणाले आणि हाच आजपासून नियम असं त्यांनी माईकवरून जाहीर केलं. मी जरा ताठ चालत गेलो, हात घातला, चिठ्ठी काढली, खांबाआड जाऊन उघडली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, व्हिन्सेंट त्रिभुवन.

मी ती उलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं.

आता कुठल्या तोंडाने परत टाकणार? नियम केल्याला पाणी प्यायला जाऊन येण्याइतका वेळसुद्धा झाला नव्हता. पण देव दयाळू आहे असं तेव्हा वाटलं, कारण सगळ्यांनी चिठ्ठ्या घेतल्या आणि पातेल्यात एक उरली. माणसं संपली, चिठ्ठी शिल्लक. मी लगेच पुढे झालो, म्हणालो, मोजणी चुकली आहे, असला माल पुढे जाऊ देता येणार नाही, सगळ्या चिठ्ठ्या गोळा करा आणि पहिल्यापासून सुरू करा. चिठ्ठ्या लिहिल्या होत्या युवक मंडळाच्या ललितने. तो म्हणाला, काका, घरोघर आठवून बरोबर लिहिल्यात, चुकणार नाहीत. फादर म्हणाले, राहू द्या हो, एकाने दोन घ्या. लगेच लताबाई पुढे. "मी घेते राहिलेली." पुढे पुढे करायची हौसच दांडगी. त्यांनी ती उघडली, वाचली, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. लताबाई गप्प बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. मी ओळखलं, बाईंनी माझा चेहरा वाचला, माझी चिठ्ठी माझ्याच खिशात आहे हे ताडलं, आणि आता चौथ्या रविवारची वाट बघत मनात हसताहेत.

चौथ्या रविवारचं चित्र तेव्हापासून डोळ्यांसमोरून हलत नाही. नाव पुकारतील, मी उभा राहीन, सगळा हॉल माना वळवून बघेल की साहेबांचा देवदूत कोण. कुणी उठणार नाही. मग मीच सांगायचं की मंडळी, मीच तो. ज्याने आयुष्यभर लोकांची चूक दाखवली त्याच्यावर लोक कसे हसतात, हे मला शिकवायला नको.

तरी आलेलं काम नीट करायचं असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून व्हिन्सेंट त्रिभुवन या गृहस्थासाठी रोज जपमाळ म्हणायला घेतली. सुरुवातीला बरं वाटलं, एकदाची योग्य माणसासाठी प्रार्थना होते आहे असं वाटलं. मग प्रश्न पडला की मागायचं काय. 'त्याला सुबुद्धी दे' म्हणावं तर त्याचा अपमान, 'त्याला आहे तसाच ठेव' म्हणावं तर त्याच्या घराकडे बघवत नाही. मग गुप्त सत्कृत्यं सुरू केली. जिलबी आणली, फडताळात बरण्यांच्या मागे लपवली, आणि दुसऱ्या दिवशी एकदम सापडल्यासारखी करून खाल्ली. जिलबी चांगली होती, पण चकित होणं काही जमेना. स्वयंपाकघरातला गळका नळ नीट केला. (सबिना रोज सांगायची, मी रोज उद्या म्हणायचो.) टपटप थांबल्यावर घर इतकं गप्प झालं की संध्याकाळी मी वॉशर पुन्हा सैल केला. आता गळतो आहे, बरं वाटतं.

शेवटी पापनिवेदनाला गेलो. जाळीपलीकडे फादर क्लेमेंट. मी नाव न घेता विचारलं की फादर, मला चिठ्ठीत एक गृहस्थ आला आहे, त्याचं काय करावं कळत नाही. माणूस वाईट नाही पण नकोसा आहे. कुणाचं कौतुक करत नाही, सगळ्यांत खोड काढतो, कुणी आपण होऊन चांगलं करायला आलं तर तोंडावर दार लावतो. फादर म्हणाले, असा माणूस बहुतेक फार एकटा असतो. त्याला उपदेश करू नका. त्याच्याजवळ बसा. त्याच्याबरोबर जेवा. आता मी काय सांगू त्यांना? मी उपवासकाळापासून रोज दोन्ही वेळा त्याच्याच बरोबर जेवतो आहे, आणि दुसऱ्या घासाला कंटाळतो. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी मला सांगितलं की त्या गृहस्थाबद्दल एक तरी चांगली गोष्ट शोधा. ते प्रायश्चित्त अजून बाकी आहे.

इकडे सगळ्या गल्लीत देवदूतांचा सुळसुळाट. कोपऱ्यावरच्या सरुबाईंचं अंगण त्या उठायच्या आत कुणी झाडून जातं. कुणाच्या फाटकाला पेरूची पिशवी, कुणाच्या दारात द्राक्षांचा घड, कुणाची स्कूटर पुसून लख्ख. लोक आपली सत्कृत्यं इतक्या गुप्तपणे करतात की सगळ्या गल्लीला कळावं म्हणून जाताना फाटक वाजवतात. मी हे सगळं खिडकीतून बघतो आणि मला हसू येतं. आणि तुला म्हणून सांगतो, हसून झालं की मी माझ्या फाटकाकडे जातो. माझी चिठ्ठी माझ्याच पाकिटात आहे, कुणी काही ठेवणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी रोज सकाळी दूध घ्यायच्या निमित्ताने मी फाटकाची कडी चाचपून पाहतो. सबिना असती तर फाटकाला काही ना काही लटकलं असतं. तिने कुणाच्या तरी नावाने स्वतःच लटकवलं असतं.

आणि अशात आमच्याकडे चोरी सुरू झाली. सबिनाने भिंतीलगत शेवंती लावली होती, तू पाहिली आहेस, पिवळी आणि जांभळट. ती गेल्यावर मी त्या झुडपांना पाणी घालण्यापलीकडे हात लावला नाही. यंदा अशी फुलली की बघत राहावं. तर दुसऱ्या रविवारनंतर रोज सकाळी फुलं कमी. ओरबाडलेली नाहीत, देठ कात्रीने कापलेले, नेमकी उमललेली. चोर जाणता होता. आणि भिंतीपलीकडे कोण राहतं हे सांगायला नको. लताबाईंना मी दोनदा पहाटे बादली, झाडू आणि पिशवी घेऊन बाहेर पडताना पाहिलं होतं. माझ्या बायकोची फुलं तोडून ही बाई कुणाची तरी देवदूत होते आहे, आणि तो कोण दीडशहाणा लोकांच्या फुलांवर मजा करतो आहे, हे शोधून काढायचं मी ठरवलं. चौथ्या रविवारी मला हसणार ना, मग त्यांच्या चोरीचाही उलगडा त्याच हॉलमध्ये व्हायला हवा. खरं सांगतो, त्या विचाराने मला कित्येक महिन्यांनी नीट भूक लागली.

काल सकाळी कानटोपी आणि मफलर घालून मी खिडकीशी बसलो. उजाडता उजाडता लताबाई आल्या, भिंतीवरून वाकल्या, कात्रीने फुलं कापली आणि कापून झाल्यावर झुडपावरून हात फिरवला. मी त्यांच्या मागे निघालो. रस्ता उकरलेला, धुकं, आणि मी खड्डे चुकवत एका म्हाताऱ्या बाईचा पाठलाग करतो आहे. समोरून दूधवाला आला, त्याने मला ओळखून 'साहेब, फिरायला का' विचारलं, मी मफलर आणखी वर ओढला. लताबाई बाजारपेठेकडे वळल्या नाहीत, चर्चकडे वळल्या नाहीत. त्या आपल्या दफनभूमीच्या फाटकातून आत गेल्या.

मी तिथे मृतांच्या दिवशी सगळ्यांबरोबर गेलो होतो, त्यानंतर गेलेलो नाही. मला तिथे जाववत नाही, आक्का. लोकांना मी सांगतो की ती तिथे नाही, ती प्रभूकडे आहे, तिथे जाऊन काय करायचं. धर्माच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण खरं कारण हे की तिथे तिचं नाव दगडावर लिहिलेलं आहे.

लताबाई सबिनाच्याच कबरीशी थांबल्या. मी एका जुन्या कबरीच्या मोठ्या क्रुसाआड उभा राहिलो. त्यांनी आधी पाचोळा झाडला, मग बादलीतल्या पाण्याने दगड धुतला, पदराने कोरडा केला, आणि शेवंती मांडली. सबिनाची शेवंती, सबिनाला. मेणबत्ती वाऱ्याने विझत होती तर स्वतः आडव्या बसून पेटवली. आणि मग बोलायला लागल्या, भिंतीवरून बोलायच्या तशाच. सबिनाताई, काल तुमच्या साहेबांनी भाजी जाळली, आमच्या घरापर्यंत वास आला. सबिनाताई, स्वेटर उलटा घालून मिस्सेला आले होते, कुणी सांगायचं धाडस केलं नाही. सरुबाईंच्या सुनेला मुलगी झाली. असं सगळ्या गल्लीचं. आणि शेवटी म्हणाल्या, "त्यांची चिठ्ठी कुणाला गेली देव जाणे. मेला कामचुकार आहे. फाटकाला आजवर एक केळंसुद्धा लावलं नाही. मला आली असती तर बघितलं असतं, पण मला तुम्ही आलात."

ती उरलेली चिठ्ठी सबिनाची होती. ललितने घरं आठवत चिठ्ठ्या लिहिल्या, आमच्या घराशी आला आणि सवयीने दोन्ही नावं लिहून मोकळा झाला, कारण या पॅरिशमध्ये इतकी वर्षं कुणी आमच्यातल्या एकाचंच नाव कधी घेतलेलं नाही. लताबाईंनी हॉलमध्ये माझ्याकडे का पाहिलं ते तेव्हा कळलं. त्यांनी चूक दाखवून दिली असती तर सगळ्या लोकांसमोर माझ्या बायकोच्या नावाची चिठ्ठी फाडली गेली असती. ती फाटू नये म्हणून त्या गप्प बसल्या.

मग त्यांनी एक आगमनकाळाचं गीत म्हटलं. बेसूरच म्हटलं, त्यात मी सूट देणार नाही. पण मी शेवटपर्यंत उभा राहून ऐकलं, आणि त्या गेल्यावर कबरीशी जाऊन तपासणी केली. दगडावर डाग नाही, भेगेत गवत नाही, फुलं एका ओळीत. काढायला खोड सापडली नाही. माझी नजर अधू झाली असेल, किंवा डोळ्यांत पाणी होतं म्हणून. मी तिथे बराच वेळ बसलो. सबिनाला सांगायला माझ्याकडे एकही बातमी नव्हती, सगळ्या लताबाई सांगून गेल्या होत्या. मग मी तिला स्वेटर नीट घातला आहे एवढं दाखवलं.

असं आहे सगळं. एकंदरीत यंदाची आध्यात्मिक तयारी म्हणजे गाद्या-उशा, लहानमोठ्या मेणबत्त्या, मौनावर भाषणं आणि पुलावाचं पातेलं. तू एवढा प्रवास करून यावंस असं इथे काही नाही. थंडी आहे, रस्ते नाहीत, करंज्या होणार नाहीत. तिकडेच सुखाने नाताळ कर, दाजींना काढा दे, नातवाला सांग की मामाआजोबांनी थोडक्यात लिहिलं आहे. सर्वांना नाताळच्या शुभेच्छा.

तुझा धाकटा भाऊ,
व्हिन्सेंट

ता.क. लिफाफा चिकटवण्याआधी एक लहानशी गोष्ट. समज, तू सहज म्हणून शनिवारी आलीस. रविवारी हॉलमध्ये माझं नाव पुकारलं की तू उठायचं आणि मला मेणबत्ती द्यायची. तू या पॅरिशची नाहीस, पण समितीला मोजणी येत नाही हे मी वर लिहिलंच आहे. लहानपणी माझ्या काड्या तू आपल्या नावावर टाकल्यास, त्या मानाने हे काही मोठं पाप नाही.

ता.क. दुसरा. वरचं वाचून दाजी हसतील, हसू दे. माझ्या नावाचं मी बघून घेईन, लोक हसले तर हसले, थोडा हक्क त्यांचाही आहे. पण माझ्या नावानंतर ते सबिनाचं नाव पुकारतील. तेव्हा तिच्या वतीने मलाच उभं राहावं लागेल, आणि लताबाई मेणबत्ती घेऊन माझ्यासमोर येतील. ते मला एकट्याने जमणार नाही, आक्का. तू नुसती शेजारी उभी राहा. वाटलं तर मागून शर्ट धर. शनिवारी सकाळची एसटी पकड, ती नाशिक रोडवरूनच जाते, सिन्नरला चहा प्यायला उतरू नकोस, गुडघे आखडतील. मी स्टँडवर येऊन थांबतो.

ता.क. शेवटचा. येताना तुझ्या परसातली शेवंती जमेल तेवढी आण, ओल्या फडक्यात गुंडाळून. इथली झुडपं भालेरावबाईंनी पार बोडकी करत आणली आहेत आणि नाताळला अजून दिवस आहेत. तिची फुलं मधेच संपलेली मी चालवून घेणार नाही. आज पहाटे मी भिंतीवर कात्री ठेवून आलो, आणि शेजारी एक रिकामी वाटी.